एका थेंबाचे पन्नास भाग

मृग लागायला आठ दिवस उरले की जालन्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे पाय ठेवायला जागा नसते. अंबडचे, मंठ्याचे, परतूरचे, भोकरदनचे शेतकरी आलेले असतात. सरकीचं पाकीट हातात पडलं की माणूस ते उलटंपालटं करून बघतो. लॉट नंबर वाचतो, तारीख वाचतो. टपोऱ्या बोंडांचं चित्र गेल्या वर्षीच्या पाकिटावरही होतं, त्यामुळे त्याकडे फारसं बघत नाही. मग काउंटरपलीकडच्या माणसाला विचारतो, ‘‘निघंल ना हो भाऊ हे?’’

‘‘टेस्टिंग झालेलं आहे दादा,’’ असं उत्तर येतं.

पण टेस्टिंग म्हणजे काय झालेलं असतं? बी तर अजून मातीत गेलेलं नाही. न पेरता त्याच्या पोटातलं कसं कळतं? प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र बरंच लांब जातं. ते जालन्याहून निघतं आणि जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरात, एका इस्पितळाच्या आवारात १९४५ साली उघडलेल्या छोट्या वर्कशॉपपर्यंत पोचतं. त्या वर्कशॉपची पुढे ‘एपेनडॉर्फ’ ही कंपनी झाली. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, त्याला हे नाव माहीत असतं. मात्र ते एका कंपनीचं नाव आहे हे माहीत असतंच असं नाही. त्याच्या लेखी एपेनडॉर्फ म्हणजे बोटभरही लांब नसलेली, टोपी असलेली प्लास्टिकची नळी. डालडाचं जसं झालं, तसंच.

१. पाकिटात पाच हजार बिया

शंभर सरकीचं वजन साडेनऊ ग्रॅम धरलं, तर ४७५ ग्रॅमच्या पाकिटात साधारण पाच हजार बिया बसतात. संकरित कापसाच्या बियाण्यात आनुवंशिक शुद्धता किमान ९० टक्के असावी, असा नियम आहे. म्हणजे पाचशे बिया ‘वेगळ्या’ निघाल्या तरी पाकीट नियमात बसतं. त्याहून जास्त निघाल्या, तर शेतकऱ्याचा हंगाम जातो आणि कंपनीचं नाव जातं.

वेगळ्या म्हणजे कशा? संकरित बियाण्याला दोन वाण लागतात, एक आईचा आणि एक बापाचा. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बायका संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधतात आणि त्यांतले पुंकेसर नखाने खुडून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या ओळीतलं फूल आणून त्याचे पराग त्या फुलावर फिरवतात. या कामाला सगळे ‘क्रॉसिंग’च म्हणतात. एका प्लॉटवर अशा हजारो कळ्या असतात. त्यांतली एखादी नजरेतून सुटली की ते फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्या बोंडातली सरकी दिसायला हुबेहूब तशीच असते, पण ती संकरित नसते. तिच्यात आई तेवढी आहे, बाप नाही.

जालन्याचं सगळं बियाण्याचं गणित या एका सुटलेल्या कळीभोवती फिरतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. त्याआधी ते ‘पुसा सावनी’ भेंडीचं बियाणं तयार करून विकत होते. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. २००२च्या मार्चमध्ये देशात पहिल्यांदा बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिकोच्याच तीन संकरित वाणांना. जालन्याजवळच्या दावलवाडीत त्यांचं संशोधन केंद्र आहे. मोठ्या कंपनीच्या आसपास लहान कंपन्या उभ्या राहिल्या आणि शेजारच्या देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेटमधून भाजीपाल्याचं बीजोत्पादन पसरलं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या वैभवाची. आज त्या पाळण्यात सळई आहे, मोसंबी आहे आणि बी आहे.

बियाण्याची पहिली परीक्षा उगवणीची. ती समजायला सोपी आहे, कारण घरोघरी मटकीला मोड आणताना आपण तेच करतो. ओल्या कागदात शंभर-शंभर बियांचे चार संच गुंडाळायचे, ठरावीक तापमानाच्या कपाटात उभे ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडून मोजायचे. हे शास्त्रही जर्मनीतूनच आलं. १८६९ साली फ्रीडरिश नोबे यांनी सॅक्सनीतल्या थारांट गावात बियाणं तपासणारी जगातली पहिली प्रयोगशाळा काढली. त्या काळी युरोपात चाऱ्याच्या बियाण्यात गारगोटीची रंगवलेली बारीक कच मिसळून विकणारे व्यापारी होते. भेसळीच्या बाबतीत कुठलाच देश मागे नव्हता.

दुसरी परीक्षा शुद्धतेची, आणि खरी अडचण तिथेच आहे. पारंपरिक पद्धतीत लॉटमधलं थोडं बी शेतात पेरतात, रोपं फुलावर येईपर्यंत थांबतात आणि एकेक झाड बघून ठरवतात. बियाण्याच्या धंद्यात हिला ‘ग्रो-आउट’ किंवा नुसतं ‘जीओटी’ म्हणतात. पद्धत भरवशाची, पण महिनोन्‌महिने खाणारी. तोवर माल गोदामात पडून राहतो, पैसा अडकतो आणि मृग कुणासाठी थांबत नाही. म्हणून आता बियाची पेशी फोडून तिच्यातला वारसाच वाचतात, म्हणजे डीएनए. हे काम दोन-तीन दिवसांत होतं.

२. लग्नपत्रिकेतली दोन घराणी

डीएनए वाचणं म्हणजे प्रत्येक अक्षर वाचणं नव्हे. आई-बापाच्या वारशात जिथे फरक आहे, अशा एक-दोन खुणा आधीच शोधून ठेवलेल्या असतात. तेवढ्याच तपासायच्या. लग्नपत्रिका हातात आली की आपण मजकूर वाचत बसत नाही, वधूकडचं आणि वराकडचं आडनाव आधी बघतो. संकरित बियात दोन्ही घराण्यांची नावं दिसतात. सुटलेल्या कळीच्या बियात एकाच घराण्याचं. शंभर बिया तपासल्या आणि ९४ पत्रिकांवर दोन्ही नावं निघाली, तर शुद्धता ९४ टक्के.

पण ही पत्रिका डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. आधी तिच्या प्रती काढाव्या लागतात. ती युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३चं नोबेल मिळालं. तिचं नाव पीसीआर. करोनाच्या काळात हे तीन अक्षरी नाव घराघरांत पोचलं, ते नाकातल्या काडीमुळे. पीसीआरमध्ये डीएनएच्या एका तुकड्याचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. तसेच तीस फेरे झाले की एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक होतात.

आता महत्त्वाचं. हा सगळा खेळ होतो तो साधारण २० मायक्रोलिटर द्रवात. मायक्रोलिटर म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे अख्खी परीक्षा अर्ध्या थेंबाहूनही कमी पाण्यात, आणि त्यात टाकायचं डीएनएचं मिश्रण एक किंवा दोन मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचे पन्नास भाग केले तर त्यातले एक-दोन.

सोनाराच्या हिशेबात सांगायचं, तर एक गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. एक मायक्रोलिटर पाण्याचं वजन एक मिलिग्रॅम. गुंजभर पाण्यात १२१ मायक्रोलिटर मावले. आणि इथे एकेक मायक्रोलिटर अचूक हवा, कारण दोनाऐवजी तीन पडले तर ती पन्नास टक्क्यांची चूक. शंभर बियांच्या शंभर नळ्यांत, प्रत्येकीत चार-पाच वेगवेगळे द्रव, आणि प्रत्येक वेळी माप तेच. हे हाताने करायचं कसं?

३. तोंडाने ओढायची काचनळी

बरीच वर्षं याला एकच उत्तर होतं. काचेची बारीक नळी घ्यायची, तिचं टोक द्रवात बुडवायचं, दुसरं टोक तोंडात धरून हलकेच ओढायचं आणि द्रव खुणेपर्यंत चढला की बोटाने नळी बंद करायची. नारळपाण्यात स्ट्रॉ घालून वरून बोट दाबलं की पाणी आत अडकून राहतं, तोच प्रकार. पन्नाशी ओलांडलेल्या अनेक विज्ञान पदवीधरांनी कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हे केलेलं आहे. आम्ल जिभेला लागल्याची एकेक आठवणही त्यांच्यापाशी असते.

आम्ल परवडलं. १८९३ साली एका डॉक्टरने याच पद्धतीत विषमज्वराचे जंतू तोंडात ओढल्याची नोंद आहे. त्यानंतरही माणसं तोंडानेच ओढत राहिली, पुढची साठ-सत्तर वर्षं. सवय मोडायला भीती पुरली नाही, कारण हातात दुसरं साधन नव्हतं.

४. मारबुर्गचा वैतागलेला डॉक्टर

१९५७ साली जर्मनीच्या मारबुर्ग विद्यापीठातल्या शरीररसायनाच्या संस्थेत हाइनरिश श्निटगर नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. त्याच्या वाट्याला आलेलं काम कंटाळवाणं होतं: कितीतरी नमुने, प्रत्येकातून अगदी थोडा द्रव उचलायचा, मोजायचा, दुसरीकडे सोडायचा. सगळं काचेच्या नळीने आणि तोंडाने. श्निटगर वैतागला आणि काही दिवस कामावरून गायब झाला. परतला तो हातात एक ओबडधोबड यंत्र घेऊन.

त्याचं गमक रंगपंचमीच्या पिचकारीसारखं होतं, पण दोन बदल करून. पिचकारीचा दट्ट्या आपण मागे ओढतो तेव्हा किती ओढायचा हे हातावर असतं. श्निटगरने दट्ट्याला स्प्रिंग बसवली आणि त्याची धाव ठरावीक ठिकाणी अडवली. अंगठ्याने दाबा, टोक द्रवात धरा, अंगठा हळू सोडा. स्प्रिंग दट्ट्याला वर नेते आणि दर वेळी तेवढाच द्रव आत येतो. माणसाच्या हाताचा अंदाज हिशेबातून गेला.

दुसरा बदल त्याहून शहाणपणाचा. पिचकारीत पाणी दट्ट्याला भिडतं. इथे द्रव आणि दट्ट्या यांच्यामध्ये हवेचा छोटा थर ठेवला. द्रव यंत्राच्या पोटात शिरतच नाही, टोकाला खोचलेल्या लहानशा नळकांड्यातच राहतो. ते नळकांडं प्लास्टिकचं. एक नमुना झाला की काढून फेकायचं आणि नवं खोचायचं. त्यालाच आज ‘टिप’ म्हणतात. पहिल्या नमुन्याचा अंश दुसऱ्यात जायची वाटच बंद झाली. धुणंही नाही.

नंतर दट्ट्याला आणखी एक टप्पा आला. द्रव सोडताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबलं की माप बाहेर येतं, पण टोकाशी थोडं चिकटून राहतं. अंगठा आणखी रेटला की उरलेली हवा जोराने येते आणि तो शेवटचा कणही ढकलते. या यंत्राला आज पिपेट म्हणतात. ती धरणाऱ्याच्या अंगठ्याला हे दोन थांबे इतके सवयीचे होतात की ते मोजावेही लागत नाहीत.

मे १९५७ मध्ये श्निटगरने पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळालं १९६१ साली. त्याच्या कल्पनेचा जगभर झालेला बोलबाला बघायला तो फार काळ राहिला नाही. १९६४ साली बव्हेरियातल्या एका तळ्यात पोहताना तो बुडाला. रोज लाखो अंगठे त्याच्या स्प्रिंगवर दाबले जातात आणि त्याचं नाव प्रयोगशाळेत क्वचितच कुणाला सांगता येतं. पुस्तकांनी मुलिसला जागा दिली, श्निटगरला दिली नाही. हा हिशेब काही बरोबर वाटत नाही.

५. इस्पितळाच्या आवारातलं वर्कशॉप

कल्पना मारबुर्गची, पण ती विकली हाम्बुर्गने. १९४३च्या जुलैत झालेल्या बॉम्बवर्षावात हाम्बुर्गचा मोठा भाग जळून गेला होता. मे १९४५ मध्ये शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षी हाइनरिश नेथेलर आणि हान्स हिन्झ या दोघांनी एपेनडॉर्फ भागातल्या विद्यापीठ इस्पितळाच्या आवारात वर्कशॉप थाटलं. इस्पितळ जुनं, १८८९चं. १८९२च्या पटकीच्या साथीत हाम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं मेली, ती साथ या इस्पितळाने पाहिलेली.

युद्धानंतर नवी उपकरणं मिळणं शक्यच नव्हतं. होती तीच चालवायची. विजेवर चालणारी वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करायची आणि जमेल तिथे स्वतः बनवायची, हा या दोघांचा धंदा. गिऱ्हाईक भिंतीपलीकडे. डॉक्टर येऊन सांगणार, हे बंद पडलं, हे असं असतं तर बरं झालं असतं. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्राचं दुखणं बनवणाऱ्याच्या आधी कळतं. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये दहा वर्षं काढलेला मिस्त्री कुठला पार्ट कुठे झिजतो हे कंपनीच्या इंजिनियरला सांगू शकतो, तसं.

जर्मनीत ही रीत नवी नव्हती. कार्ल झाइसने १८४६ साली येनामध्ये वर्कशॉप काढलं ते विद्यापीठाच्या सावलीत. फ्लोरेन्झ झार्टोरियसने १८७० साली ग्योटिंगेनमध्ये तराजू बनवायला घेतले, तेही विद्यापीठाच्याच गावात. जालन्यातही दुसरं काय झालं? शेतकरी, प्लॉट आणि बियाण्याची कंपनी एकाच टापूत असल्याने कुठल्या वाणाला काय होतंय हे बातमी होण्याआधी कानावर येतं.

१९५०च्या सुमारास या वर्कशॉपने फोटोमीटर आणला. त्याचं तत्त्व चहाच्या ग्लासवरून कळतं. कोरा चहा उजेडात धरा. पातळ असेल तर पलीकडचं दिसतं, कडक असेल तर नाही. प्रकाश किती अडला हे मोजलं, तर द्रवात पदार्थ किती विरघळलाय हे सांगता येतं. समजा एका पातळीच्या चहातून निम्मा प्रकाश पार होतो. चहा दुप्पट कडक केला, तर त्यातून निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव भाग पार होईल. रक्तातली साखर, यकृताची तपासणी अशा कितीतरी चाचण्या याच हिशेबावर चालतात. एपेनडॉर्फचा फोटोमीटर इस्पितळांत चालला आणि दुरुस्तीचं वर्कशॉप उत्पादक कंपनी झालं.

फोटोमीटर बारीक मोजू लागला तशी अडचण पुढे सरकली. यंत्र थोड्या रक्तावरही काम करायला तयार, पण ते थोडं रक्त मोजून घालायचं कशाने? श्निटगरची स्प्रिंग नेमकी याच वेळी आली. कंपनीने पेटंट वापरण्याचा हक्क घेतला आणि १९६१ साली ‘मारबुर्ग पिपेट’ बाजारात आली.

६. अळवावरचं पाणी

इथून पुढचं पाऊल कंपनीचं स्वतःचं, आणि तिची खरी वाढ या पावलात आहे. पिपेट विकून थांबता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं: मोजलेला हा चिमूटभर द्रव पुढे जातो कुठे? तेव्हा तो काचेच्या मोठ्या परीक्षानळीत जायचा. हंड्यात पळीभर पाणी टाकावं तसा तळाशी दिसेनासा व्हायचा, निम्मा काचेला चिकटायचा.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी या थेंबासाठी नळी केली. दीड मिलिलिटरची, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची, खाली निमुळती होत गेलेली. टोपी नळीलाच जोडलेली आणि अंगठ्याने दाबली की ‘टक्’ करून बसणारी. निमुळता तळ अशासाठी की दहा मायक्रोलिटरही एका ठिकाणी गोळा व्हावेत. जोडलेली टोपी अशासाठी की शंभर नळ्यांच्या शंभर टोप्यांची अदलाबदल होऊ नये. आणि हे प्लास्टिक अशासाठी की त्यावर पाणी पसरत नाही. अळवाच्या पानावर थेंब जसा मोत्यासारखा घरंगळतो, तसा तो या भिंतीवरून सरकतो. मराठीत अळवावरचं पाणी म्हणजे न टिकणाऱ्याची खूण. प्रयोगशाळेला मात्र भिंतीला न चिकटणारं पाणीच हवं असतं.

मग या नळीसाठी छोटं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरागरा फिरवून जड गोष्ट तळाशी बसवणारं यंत्र. लोणी काढायला ताक घुसळतात त्याचा हा वेगवान चुलतभाऊ. नळी ढवळायला यंत्र, तापवायला यंत्र. एकेक वस्तू दुसरीच्या मापाची. स्टीलच्या डब्यात बरोबर बसणाऱ्या चार वाट्या घेतल्या की पाचवी वाटी दुसऱ्या दुकानातून आणली जात नाही, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र निव्वळ नशिबाची. हे सगळं केलं होतं इस्पितळातल्या रक्त तपासणीसाठी. सत्तर-ऐंशीच्या दशकात जीवशास्त्र डीएनएकडे वळलं. तिथे नमुना आणखी लहान, रसायनं महाग, म्हणून सगळं काम मायक्रोलिटरमध्ये. नव्या विज्ञानाला जी भांडी हवी होती, ती एका कंपनीच्या कपाटात वीस वर्षं तयार होती.

सगळंच मात्र तिथेच घडलं असं नाही. सुरुवातीच्या पिपेटचं माप कायमचं ठरलेलं असे, प्रत्येक मापाला वेगळी पिपेट. चकती फिरवून माप बदलता येणारी पिपेट सत्तरच्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनला झाली, वॉरन गिल्सन आणि हेन्री लार्डी यांच्या हातून. तिने बाजार हलवला. आज अनेक प्रयोगशाळांत पिपेट एका घरची, नळी दुसऱ्या घरची आणि टिप स्वस्तात मिळेल त्याची, अशी संसाराची मांडणी असते.

७. सरकीसारखाच धंदा

संकरित सरकीचं पीक आलं की त्यातली सरकी पुढच्या वर्षी पेरून चालत नाही. पेरली तर उगवते, पण आई-बापाचे गुण विस्कटून येतात. एक झाड उंच, एक बुटकं, बोंडं लहानमोठी. म्हणून दर मृगाला नवं पाकीट. जालन्याच्या बियाणे उद्योगाचा पाया या जैविक वस्तुस्थितीवर आहे, आणि शेतकऱ्याची जुनी तक्रारही तिथेच आहे.

टिपचं गणित हेच. शंभर बियांची डीएनए चाचणी घ्या. प्रत्येक बियामागे पाच वेळा द्रव उचलायचा, असं धरू. पाचशे टिपा आणि किमान शंभर नळ्या, एका लॉटमागे. वापरलेली टिप पुन्हा वापरली तर पहिल्या बियाचा वारसा दुसऱ्यात मिसळणार आणि निकाल विस्कटणार. पिपेट नीट वापरली तर दहा वर्षं टिकते. टिप टिकते काही सेकंद. दहा वर्षांत एकदा विकत घेतली जाणारी वस्तू आणि रोज विकत घेतली जाणारी वस्तू एकाच कंपनीकडे असली, तर तिची दिवाळी कशावर होते हे सांगायला नको.

यात फसवणूक नाही. सरकीतही नाही, टिपमध्येही नाही. दोन्हीकडे शुद्धतेची किंमत आहे. पण ती किंमत सारखी पडत नाही. हाम्बुर्गच्या प्रयोगशाळेला टिपांचं खोकं किरकोळ, मराठवाड्यातल्या कॉलेजला तेच अंदाजपत्रकातलं कलम. म्हणून इकडे टिपा धुऊन, वाफेत निर्जंतुक करून पुन्हा वापरणारे विभाग आहेत. विद्यार्थ्यांच्या सरावापुरतं ते भागतं, बियाण्याचा निकाल द्यायला भागत नाही. वापरलेल्या प्लास्टिकचे ढीग हा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

कंपनी वाढत गेली. टिपा आणि नळ्यांसाठी ओल्डेनबुर्ग इन होल्श्टाइन इथे वेगळा कारखाना झाला. २००० साली संस्थापकांची नावं पाटीवरून उतरली आणि नुसतं ‘एपेनडॉर्फ’ उरलं. २००७ साली तिने अमेरिकेतली न्यू ब्रुन्सविक सायंटिफिक घेतली, पेशी वाढवायची यंत्रं करणारी. २०१२ साली डासगिप ही जर्मन कंपनी आणि २०२० साली जपानचा ‘हिमॅक’ सेंट्रिफ्यूजचा व्यवसाय. भारतातला कारभार चेन्नईहून चालतो. पाच हजारांच्या आसपास माणसं कामाला असूनही कंपनी शेअर बाजारात नाही, मालकी अजून संस्थापकांच्या घराण्यांकडे आहे.

करोनाच्या साथीत जगभर टिपांची टंचाई झाली. कोट्यवधी माणसांच्या पीसीआर चाचण्या, आणि प्रत्येक चाचणीला टिपा. यंत्रं होती, रसायनं होती आणि दोन-तीन ग्रॅमही वजन नसलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यावाचून काम अडून होतं. २०२१ साली एपेनडॉर्फची उलाढाल एक अब्ज युरोच्या पुढे गेली.

८. मे महिन्यातली पिपेट

जालन्यात बियाणं तपासण्याचा जोर असतो तो पेरणीच्या आधी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. पिपेटच्या पोटात तो हवेचा थर आहे, आणि हवा तापली की फुगते. कोरड्या हवेत टिपमध्येच पाण्याची वाफ होते आणि माप थोडं कमी भरतं. पन्नास मायक्रोलिटरला ते जाणवणार नाही, दोनाला जाणवतं. म्हणून कसलेला तंत्रज्ञ नवी टिप लावली की द्रव दोन-तीनदा आत-बाहेर करून ती आधी ओली करून घेतो. आतली हवा दमट झाली की मग खरं माप.

आणि ठरावीक काळाने पिपेटचीच परीक्षा होते. ती घ्यायला तराजू लागतो, पाणी लागतं आणि वीस अंशांच्या जवळपासची खोली. त्या तापमानाला शंभर मायक्रोलिटर पाणी ९९.८ मिलिग्रॅम भरतं. तराजू इतका नाजूक की वाऱ्याच्या झुळकीने आकडा हलतो. त्यामुळे काचेची दारं लावतात, खोलीतला पंखा बंद करतात, एसीचा झोत दुसरीकडे वळवतात. तंत्रज्ञ टिप ओली करते, अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत नेते, पाणी उचलते, तराजूवरच्या भांड्यात सोडते, अंगठा आणखी दाबते. आकडा थरथरतो, ९९.५, ९९.७, मग स्थिरावतो. वहीत नोंद होते. टिप पायाशी ठेवलेल्या बादलीत पडते आणि ती खोक्यातली दुसरी लावते. एका मापासाठी असं दहा वेळा.